लाल वायर काळ्यावर

आमच्या घरात गाणं ऐकायची ही आणि गाण्याची यंत्रं जुळवायचो मी. माझे कान साधेच. स्पीकर फाटला तर कळायचं, त्यापलीकडे फारसं नाही. हिचं तसं नव्हतं. एखादी वायर बदलून मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायच्या आत स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अहो, व्हायोलिनला सर्दी झालीय." नाहीतर, "बाई कपाटात बसून गातेय, काढा तिला बाहेर." मग मी पुन्हा सगळं उघडायचो. आमचा संसार बराचसा असाच झाला. मी जमिनीवर मांडी घालून आणि ही खुर्चीत विणकाम घेऊन.

आजारी पडायच्या थोडं आधी तिने एक तक्रार काढली होती. "दोघीजणी मिळून एकच गाणं गातायत. एक जाडी आहे, ती खालचं सगळं गाते. दुसरी किडकिडीत, ती नुसतं 'स' आणि 'श' म्हणते. आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही."

हे मी फ्यूजला सांगितलं. फ्यूज म्हणजे माझा मित्र, टेलिफोनच्या कामातून निवृत्त झालेला. पटकन तापतो म्हणून त्याची बायकोसुद्धा त्याला फ्यूज म्हणते.

"वहिनींचं बरोबर आहे," तो म्हणाला. "तुझ्या स्पीकरच्या पेटीत मोठा भोंगा आहे आणि छोटा आहे. अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे तुझा अ‍ॅम्प, त्यांना जाडा-बारीक सगळा आवाज एकत्र पाठवतो, आणि पेटीतली ती तारेची गुंडाळी नि कपॅसिटर दारात उभे राहून वाटणी करतात. दोन भावांना एका ताटात वाढायचं आणि मग भांडणं सोडवत बसायचं, त्यातला प्रकार. आधीच दोन ताटं घे ना. अ‍ॅम्पमध्ये मोठा व्हायच्या आधी, आवाज लहान असतानाच त्याची वाटणी कर आणि प्रत्येक भोंग्याला आपापला अ‍ॅम्प दे. अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर म्हणतात त्याला. सर्किट मी काढून देतो. मात्र सोल्डरिंग तुझं तू कर, माझा हात आता कपातला चहा सांडतो."

सुटे भाग आणून झाले. ते खोक्यात असतानाच हिच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. सगळ्या शब्दांतला एक उरला, "पण." चहा घेतेस का? पण. दुखतंय का कुठे? पण. सुरुवातीला मी त्या 'पण'च्या पुढच्या वाक्याची वाट बघायचो. पुढचं वाक्य कधी आलं नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्यांनी सांगितलं की असा एखादा शब्द चिकटून राहतो, त्यात अर्थ शोधू नये. त्या चित्रांचे पत्ते मांडायच्या. "काकू, यातली किल्ली कुठली? दाखवा बघू." ही भिंतीकडे तोंड फिरवायची. हो-नाहीचे प्रश्न विचारले तर मान कशीही हलायची. तुम्ही बाई आहात का, नाही. तुम्ही झाड आहात का, हो. शेवटी त्या बाई चपला घालता घालता म्हणाल्या, "काका, त्यांना कितपत कळतंय ते मला सांगता येत नाही. खोटी आशा मी लावणार नाही."

आम्ही हे दारात बोललो. ही तिथून हातभर अंतरावर चाकांच्या खुर्चीत होती. त्या काळात आम्ही सगळेच तिच्यासमोर सगळं बोलत होतो. झोपलेल्या मुलाच्या उशाशी बोलतात तसं.

मला तिला उचलणं जमत नव्हतं हे इथे लिहिलं पाहिजे. माझी पाठ गेलेली, हातात जोर नाही. न्हाणीघरात एकदा आम्ही दोघं सोबतच पडलो आणि ओल्या फरशीवर बराच वेळ तसेच राहिलो. उठताना तिला भिंतीशी टेकवून ठेवायला माझ्या हातात बळ नव्हतं, आणि तिला खाली सोडून उठायला मन नव्हतं. त्या दिवशी फ्यूजचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, "नाही झेपत रे. दोघांपैकी कुणीतरी एक सुटलं पाहिजे आता." ही समोरच होती.

मुलगी आली ती सगळं ठरवून. तिच्या गावात अशा माणसांसाठी एक निवास आहे. ज्यांना कळतं त्यांना वरच्या मजल्यावर ठेवतात, तिथे रोज बोलायला शिकवतात. ज्यांना कळत नाही त्यांना खालच्या मजल्यावर स्वच्छ ठेवतात.

"खालच्या मजल्यावर जागा झालीय, बाबा. सोमवारी कळवायचंय."

"ही कुठे जाणार नाही. हिला सगळं कळतं."

"कशावरून?"

मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका दाखवायची सवय, स्वतःचं म्हणून काही मांडायची नाही.

"बाबा," ती जरा मऊ आवाजात म्हणाली, "तिला कळतंय अशी माझी खात्री झाली ना, तर मी शब्द काढणार नाही. ती इथेच राहील. रोज बाई येतील, रात्रंदिवस एक मदतनीस ठेवू, मी बघते सगळं. पण कळत नसेल तर तुम्ही कुणासाठी मरताय?"

मी सुट्या भागांचा खोका उघडला तो याच्यावर. यात शहाणपणा होता असं मी म्हणणार नाही. मला एवढंच वाटलं की किल्ली कुठली आणि कप कुठला हे हिला कुणी आयुष्यात विचारलं नव्हतं. मी तिला एकच गोष्ट विचारत आलो होतो, आता कसं वाटतंय? ते तरी विचारून बघावं.

भिंग लावून एकेक पाय सोल्डर केला. दोन ठिकाणी सोल्डर ओघळून शेजारच्या पायाला चिकटला, तो काढताना सर्किटच्या पट्टीवरचं तांबं उचललं गेलं. पहिल्यांदा चालू केलं तर नुसती घरघर. फ्यूज फोनवर खेकसला, "अर्थची वायर कुठे जोडलीस? ... कुठे? ... अरे देवा! पुस्तकं तपासलीस तीच बरी." तेही निस्तरलं. मग दोन्ही स्पीकर उघडून आतली जुनी गुंडाळी आणि कपॅसिटर काढले, आणि भोंग्यांच्या वायरी थेट दोन वेगवेगळ्या अ‍ॅम्पना जोडायला घेतल्या.

इथे एक गोष्ट माझ्या नजरेला आली. छोट्या भोंग्याची लाल वायर जुन्या पट्टीवर काळ्या खुणेला जोडलेली होती आणि काळी लालला. दुसऱ्या पेटीतही तसंच. माझ्या कामात एक नियम होता, मूळ प्रतीत असेल तसंच ठेवायचं. लेखकाने काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल, आपण आपलं डोकं चालवायचं नाही. दोन्ही पेट्यांत एकच प्रकार म्हणजे ही छपाईची चूक नव्हे, मूळच असं. मी नव्या अ‍ॅम्पवरही लाल वायर काळ्यावर जोडली, काळी लालवर, आणि काम मूळ प्रतीप्रमाणे झालं म्हणून मनातून थोडा खूशही झालो.

रविवारी दुपारी खुर्ची दोन स्पीकरच्या मधोमध आणली. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती.

"आईला झोपायचं असेल हो."

"पाच मिनिटं."

हिची आवडती रेकॉर्ड लावली. एक बाई गाते, मागे व्हायोलिन आहे. आवाज आला. मला बरा वाटला. स्वच्छ वाटला. मी हिच्याकडे बघितलं आणि जुन्या सवयीने विचारलं, "कसं वाटतंय?"

तिने मान वळवली. कितीतरी दिवसांत तिने कुठल्या आवाजाकडे मान वळवली नव्हती. भुवया जवळ आल्या. ओठ दोनतीनदा हलले, आणि मग घशातून अगदी जाड आवाजात शब्द आला.

"उलट."

मुलगी चौकटीपासून सुटली. "काय म्हणाली?"

"उलट म्हणाली! रेकॉर्ड उलटायला सांगतेय! दुसरी बाजू हवीय तिला. बघ, बघ, कळतंय म्हणत होतो ना मी!" मी रेकॉर्ड उलटली. सुई ठेवताना ती दोनदा घसरली.

दुसरं गाणं सुरू झालं. ही ऐकत राहिली. भुवया तशाच.

"उलट."

"आता? बरं, तीच बाजू लावू परत." उलटली.

"उलट!" या वेळी डाव्या हाताने खुर्चीच्या दांडीवर थाप मारली.

मी पुन्हा उलटली. ती चिडली. "उलट, उलट, उलट," असं म्हणत राहिली, तोंडातून लाळ गळायला लागली, डोळ्यांत पाणी आलं. मी वेड्यासारखा रेकॉर्ड हातात धरून उभा. कुठली बाजू लावू तेच कळेना. मुलीने पुढे होऊन यंत्र बंद केलं आणि आईचं तोंड पुसलं.

"बाबा, पुरे. बाई म्हणाल्या होत्या तेच आहे हे. एक शब्द जाऊन दुसरा चिकटला. 'पण' होता, आता 'उलट'."

"अगं, पण तिने गाणं ऐकून..."

"तुम्ही बोललात म्हणून बोलली. तिला छळू नका. स्वतःलाही छळू नका." ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. भिंत पातळ होती. "हो, खालचाच मजला," ती सांगत होती. "नाही, हाकेला तसा प्रतिसाद नाही."

मी खाली बसलो. आता करायचं काहीच उरलं नव्हतं. हिचे डोळे मिटलेले होते. माझ्या हातात रेकॉर्ड तशीच. शेवटी, बसल्या बसल्या, मी तो शब्दच मनात वाचत राहिलो. दुसरं काही करायला येत नाही म्हणून. उलट. उलट.

आणि मला त्यातला काना दिसला. म्हणजे नसलेला काना.

ही मला आयुष्यात कधी 'तू' म्हणाली नाही. रागात नाही, गमतीत नाही, न्हाणीघरात पडलो तेव्हाही नाही. तेव्हा बोलणंच नव्हतं म्हणा. रेकॉर्डची बाजू बदलायची असली की ती म्हणायची, "अहो, उलटा." नेहमी. उलटा. आज ती 'उलटा' म्हणाली नव्हती. मोडक्या तोंडातून एखादा काना गळणं काही अशक्य नाही, हेही मला लगेच वाटलं. पण इतक्या वेळा म्हणाली, आणि प्रत्येक वेळी 'ट' तोडून म्हणाली. ती मला काही करायला सांगत नव्हती. काय आहे ते सांगत होती. आवाज उलट आहे.

आणि सगळा वेळ तिने रेकॉर्डकडे बघितलंच नव्हतं. ती स्पीकरच्या पेटीकडे बघत होती.

मी फ्यूजला फोन लावला. "छोट्या भोंग्याची लाल वायर काळ्यावर जोडली तर काय होतं?"

"कुणी जोडलीय?"

"मी. जुनी तशीच होती."

"अरे मुद्रितशोधका! जुन्या सर्किटला ती तशी लागत होती. त्यात आवाज वळसा घेऊन यायचा, म्हणून भोंगा उलटा करून तो सरळ करत. नव्यात वळसाच नाही. आता तू उलटा जोडलास तर दोघे भोंगे जिथे भेटतात तिथेच एकमेकांना खाऊन टाकतील. गाणारीच्या गळ्याच्या ऐन मधोमध खड्डा. पण तुला कसं कळलं? तुला तर..."

"मला नाही कळलं."

मग फ्यूज म्हणाला, "वहिनी?" आणि त्याचा आवाज फुटला.

अ‍ॅम्पच्या मागचे स्क्रू सैल करून मी लाल लालला घातली, काळी काळ्याला, दोन्ही बाजूंना. मुलगी बाहेर आली होती. "आता काय?" म्हणाली. मी रेकॉर्ड लावली.

मला फरक कळला असं म्हणालो तर खोटं होईल. गाणारी बाई थोडी पुढे आली असेल. मी हिच्याकडे बघत होतो. तिच्या भुवया सुटल्या. डावा हात दांडीवर होता तो हळूच वळला, तळवा वर झाला, आणि ती म्हणाली, "सुलट."

मुलीने माझ्याकडे बघितलं. "तुम्ही शिकवलंत तिला?"

"तू कर," मी म्हणालो. "मी तोंडही दाखवत नाही. मी स्वयंपाकघरात जातो. बंद कर, वायरी बदल किंवा बदलू नको, आणि विचार."

मी ओट्याला धरून उभा राहिलो. गाणं थांबायचं, स्क्रूचा आवाज यायचा, पुन्हा गाणं. "आई?" "उलट." थांबायचं, सुरू व्हायचं. "आई?" "सुलट." एकदा बराच वेळ खुडबुड झाली, गाणं लागलं आणि हिने लगेच "सुलट" म्हटलं. मुलगी पुटपुटली, "नुसतं हलवलं होतं, बदललं नव्हतं." मग पुन्हा एकदा. मग आणखी एकदा. मुलीला आईची चूक सापडतच नव्हती. मग स्क्रूचा आवाज थांबला, गाणंही थांबलं, आणि मुलगी रडायला लागल्याचं ऐकू आलं.

मी बाहेर गेलो. ती खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती. "आई, तुला सगळं ऐकू येत होतं? मी फोनवर बोलले ते? सगळे दिवस?"

तळवा वर झाला. म्हणजे हो. या हाताचा घोळ होत नव्हता. मानेचा व्हायचा, हाताचा नाही.

मुलीने पदराने... नाही, तिने ओढणीही घेतली नव्हती, हातानेच नाक पुसलं आणि म्हणाली, "मी आत्ता फोन करते. नको म्हणून सांगते. तू इथेच राहायचंस. बाबा जिंकले, हरले मी."

मला हसू आलं. खरंच, मी हसलो. कितीतरी दिवसांनी. "मग?" मी म्हणालो, "मदतनीस बघ एखादी दणकट. आणि उद्यापासून बाईंना ते पत्ते घरी ठेवून यायला सांग, म्हणावं इथे अशी परीक्षा घेतात."

"उलट," ही म्हणाली.

आम्ही दोघांनी स्पीकरकडे बघितलं. तिथे काही चालू नव्हतं.

"काय उलट, आई?"

हिने ओठ हलवले. शब्द सापडला नाही. 'पण' आला, तो तिने स्वतःच हात झटकून बाजूला केला. मुलीने एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुला इथे राहायचंय ना?"

तळवा खाली झाला.

"तिकडे जायचंय? निवासात? वरच्या मजल्यावर, शिकवतात तिथे?"

तळवा वर. ती मुलीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, निदान मला तरी राग दिसला नाही. व्हायोलिनला सर्दी झालीय हे सांगताना बघायची तसं बघत होती. इतकंच.

"बाबांना सोडून?"

हात थोडा थांबला. मग तळवा तसाच वर राहिला.

"तिला प्रश्न कळला नसेल," मी म्हणालो.

मुलीने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"दमलीय ती. एवढा वेळ आपण तिला... अगं, अशा माणसांचं काही खरं नसतं, बाईंनीच सांगितलं होतं. शब्द चिकटतात तसा हातही चिकटत असेल. पुन्हा विचार. नीट विचार. उलटून विचार."

मुलीने पुन्हा विचारलं नाही. तिने आईचा वर झालेला तळवा आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि ही माझ्याकडे बघत राहिली, माझं बोलून व्हायची वाट बघत.